पंचविसावं बटण

माझ्या भाचीला बोलता येत नाही, पण ती रोज बोलते, आणि तिचा आवाज तिच्या वारलेल्या आईचा आहे. हे मी शाळेत एका नव्या शिक्षिकेला सांगितलं तेव्हा तिनं हातातला चहा खाली ठेवला. तिला वाटलं, मी अंगात येण्याबद्दल बोलतेय. आमच्या घरातलं अंगात येणं छप्पन्न सालीच संपलं. ही गोष्ट कॉम्प्युटरची आहे.

माझा थोरला भाऊ राजानंद घनसावंगीत कॉम्प्युटरचा क्लास चालवायचा. अठ्ठ्याण्णव साल, दोन मशिनी, वीस पोरं आणि आठ-आठ तासांचं भारनियमन. लाईट नसली की तो पोरांना वहीवर प्रोग्रामच्या खिडक्या काढायला लावायचा. पट्टीनं मोठा चौकोन, आत बटणं, बटणांवर नावं, आणि बाजूला लिहायचं की हे बटण दाबलं तर काय होईल. लोक म्हणायचे, राजानंद कॉम्प्युटर शिकवतो का चित्रकला? तो शिकवायचा व्हिज्युअल बेसिक. पडद्यावर खिडक्या नि बटणं मांडून प्रोग्राम लिहायला तेव्हा त्याहून सोपी भाषा नव्हती, असं तो म्हणायचा. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

त्याची मुलगी प्रिया. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला. मान स्थिर राहत नाही, हात ऐकत नाहीत, जीभ ऐकत नाही. कानानं आणि डोक्यानं ठणठणीत. हे 'डोक्यानं ठणठणीत' आम्ही चारचौघांत अभिमानानं सांगायचो आणि घरी वागताना विसरायचो.

प्रिया आठ वर्षांची झाली तेव्हा दादानं तिच्यासाठी एक प्रोग्राम लिहिला. पडद्यावर पाच ओळी, ओळीत पाच बटणं, प्रत्येकावर चित्र. एक पिवळा उजेड एकेका बटणावर अडीच सेकंद थांबतो आणि पुढं सरकतो. हव्या त्या बटणावर उजेड आला की प्रियानं मुठीनं स्पेसबार दाबायचा, की कॉम्प्युटर बोलतो. आवाज वंदनावहिनीचा. ती अंगणवाडी सेविका होती, खणखणीत गळ्याची. एका रविवारी दारं-खिडक्या लावून, पंखा बंद करून ती बसली आणि घाम पुसत एकेक वाक्य बोलली. "मला पानी पायजे." "कूस बदला." "टीव्ही बंद करा, डोकं उठलं." हे शेवटचं प्रिया मुद्दाम पाहुणे आले की दाबायची.

दोन हजार सोळाला वहिनी कॅन्सरनं गेली. शेवटच्या दिवशी प्रियाला आम्ही शेजारच्या गल्लीत ठेवलं. थोरामोठ्यांनी ठरवलं, हिला सांगायचं नाही, हिला काय समजतं, उगं रडून झटका येईल. सांगायचं की आई गावाला गेली. पुण्यानुमोदन घरी न करता विहारात केलं. हार घालायचा फोटो भिंतीवर न लावता कपाटात साड्यांखाली ठेवला. आणि घरात वहिनीचा आवाज दिवसातून पन्नास वेळा पाणी मागत राहिला.

गेल्या नोव्हेंबरात दादा गेला. सकाळी आंघोळीला पाणी तापवायला उठला, तिथंच बसला तो बसलाच. प्रियाला मी माझ्या घरी आणलं, सोबत ते जुनं मशीनही. मी लग्न केलेलं नाही, दोन खोल्या आणि जिल्हा परिषदेची नोकरी आहे. 'बाबा' असं एक बटण आहे. ते दाबून प्रिया माझ्याकडे बघायची आणि मी म्हणायची, "गावाला गेलेत." शाळेत खोटं बोलणाऱ्या पोरांचे मी कान धरते.

फेब्रुवारीत तिनं तीन दिवस काही खाल्लं नाही. उशी चावायची, रडायची. एका मागोमाग एक बटणं दाबायची, पाणी, कूस, डोकं उठलं, पुन्हा पाणी. मी पाणी द्यायची, ती तोंड फिरवायची. चौथ्या दिवशी गाल सुजला तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. दाढ पार किडली होती. दंतवैद्य म्हणाले, "इतके दिवस काय करून राह्यल्ता म्याडम?" दातासाठी तिच्याकडे बटण नव्हतं. आठ वर्षांच्या पोरीला लागतील तेवढीच बटणं दादानं केली होती आणि पोर आता चोवीस वर्षांची होती. त्याच दिवशी मी ठरवलं, तिला बोलायला नवी बटणं करून द्यायची.

ठरवणं सोपं होतं. आमच्या गावातला कॉम्प्युटर दुरुस्त करणारा बबलू मशीन उघडून म्हणाला, "मावशी, हार्ड डिस्क आवाज करून राह्यली. फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकून देतो, जल्दी काम होईल." त्याच्याकडे कुठलंही मशीन न्या, त्याचं औषध एकच. मी त्याच्या हातून मशीन हिसकावून घेतलं. तो बिचारा नंतर सगळ्या फायली पेनड्राइव्हवर घालून देऊन गेला, तेवढं मात्र त्याचं मानलं पाहिजे. माझ्या लॅपटॉपवर त्या उघडेनात. काहीतरी सापडत नाही, अशी इंग्रजी पाटी यायची.

शाळेतल्या तरुण सहकाऱ्यांनी मोबाईलवरचं एक फुकटचं ॲप दाखवलं. चित्रावर बोट ठेवलं की बोलतं. कुणातरी अनोळखी बाईच्या गुळगुळीत आवाजात ते म्हणालं, "मला पाणी हवे आहे." प्रियानं मान वळवून भिंतीकडे तोंड केलं आणि मी मोबाईल उचलेपर्यंत इकडे बघितलं नाही.

मग मी जालन्याला एका कॉलेजात गेले. प्राध्यापक पोरगेला, सभ्य होता. म्हणाला, "म्याडम, हे अभ्यासक्रमातून जाऊन जमाना झाला. आमच्यात कुणालाच येत न्हाई." लायब्ररीत विचारलं तर त्या विषयाची पुस्तकं मागच्या वर्षी रद्दीत गेली होती. दादाच्या जुन्या विद्यार्थ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यावर मी लिहिलं, 'सरांच्या मुलीसाठी व्हिज्युअल बेसिक येणारं कुणी हवं आहे.' दादाला जाऊन चार महिने झाले होते, तरी सदतीस जणांनी 'भावपूर्ण आदरांजली' लिहिलं. प्रश्नाला उत्तर एकानंही दिलं नाही. दुसऱ्या दिवशी कुणीतरी गुलाबाच्या फुलासह सुप्रभात टाकलं आणि माझा प्रश्न वर सरकून दिसेनासा झाला.

इंटरनेटवर एक जागा सापडली. जुन्या प्रोग्रामरांचं चर्चापीठ, सगळं इंग्रजीत. शिकण्याच्या साहित्याची लांबलचक यादी होती, पण दहातली आठ पानं उघडतच नव्हती. कितीतरी प्रश्न दहा-दहा वर्षं उत्तराविना पडून होते. मी शब्दकोश घेऊन बसले आणि माझ्या मास्तरकी इंग्रजीत लिहिलं की मी एक्कावन्न वर्षांची शिक्षिका आहे, माझ्या भावानं लिहिलेल्या प्रोग्राममध्ये मला बटण घालायचं आहे, सुरुवात कुठून करू? दोन दिवसांनी एकाचं उत्तर आलं. 'आम्ही इथे पाच-सहा जणच उरलो आहोत आणि सगळे म्हातारे आहोत. विचारत राहा, आम्ही आहोत तोवर सांगू.' कुठल्या देशाचा माणूस आहे तेही मला माहीत नाही. त्यानं एका जुन्या पुस्तकाची चाळीस पानं स्वतः स्कॅन करून पाठवली. मी ती छापून आणली आणि शाळेचे पेपर तपासायच्या लाल पेनानं खुणा करत वाचायला लागले. डोक्यावरून जात होतं. पण कुणीतरी आहे, एवढ्यानंच मला रडू आलं.

त्याच आठवड्यात आष्टीहून फोन आला. "ताई, मी सोमेश्वर बोलतो. दोन हजार एकच्या बॅचचा. ग्रुपवर लिव्हायला जमलं न्हाई मला, लाज वाटली. आता ठिबकचे पाईप विकतो ना मी."

"येतं का तुम्हाला अजून?" मी विचारलं.

"येत न्हाई. पर सरांची वही हाय माझ्याकडं. अन् मला तुम्ही नका म्हणू."

तो दर रविवारी दुपारी मोटारसायकलवर यायला लागला. वही पिवळी पडली होती. पानापानावर पट्टीनं काढलेल्या खिडक्या, बटणं, बाजूला बारीक अक्षरात 'हे दाबलं की काय होईल'. दादानं लाल शाईनं मार्क दिले होते. सोमेश्वर वहीतून आठवायचा, मी छापील पानांतून वाचायची, दोघांचं अडलं की चर्चापीठावरच्या म्हाताऱ्याला विचारायचं. दादाच्या मशिनीवर ती भाषा अजून होती, तिचं चित्र दाबायचं मला इतके दिवस धाडस झालं नव्हतं. डिस्क कुरकुरायची आणि आम्ही दोघं श्वास रोखून बसायचो.

तिसऱ्या रविवारी माझी पहिली खिडकी झाली. राखाडी चौकोन, मधे एक बटण. ते दाबलं की पाटी यायची, 'जय भीम'. मी प्रियाला खुर्चीसकट ओढून आणलं आणि तिच्या मुठीनं ते दाबलं. ती खदखदून हसली. दादा गेल्यापासून पहिल्यांदा.

मे महिन्यातल्या चौथ्या रविवारी आम्ही दादाचा प्रोग्राम उघडायचं ठरवलं, म्हणजे चालवायचा नाही, त्याच्या पोटात बघायचं. प्रिया आतल्या खोलीत झोपली होती. सोमेश्वरनं फाईल उघडली. सगळी बटणं पडद्यावर आली.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. प्रिया वापरायची त्या पडद्यावर बटणं चोवीसच होती. तिसऱ्या ओळीच्या शेवटी जागा रिकामी. उजेड तिथं पोचला की अडीच सेकंद कुठंच उजेड नसायचा, मग चौथ्या ओळीत पुन्हा लागायचा. प्रिया पुष्कळदा नेमकं त्या वेळी स्पेसबार दाबायची. काही व्हायचं नाही. आम्ही म्हणायचो, हाताचा नेम चुकतो बिचारीचा.

सोमेश्वरनं उघडलेल्या पडद्यावर पंचवीस होती.

"हे कोणतं?" मी म्हणाले. तिसऱ्या ओळीतलं शेवटचं. त्यावर साडी नेसलेल्या बाईचं चित्र होतं.

त्यानं बाजूच्या यादीत पाहिलं. "व्हिजिबल फॉल्स करून ठेवलंय. सरांची सवय होती ती. म्हनायचे, पोरांनो, केलेलं काम पुसू नका, झाकून ठेवा. प्रोग्राम चालू केला की झाकलेलं दिसत न्हाई, हितं दिसतं." मग तो खाली सरकत थांबला. "ताई, इथं सरांनी लिव्हलंय काहीतरी."

प्रोग्रामच्या ओळींमध्ये स्वतःसाठी टिपण लिहिता येतं, कॉम्प्युटर ते वाचत नाही. दादानं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं. तारीख वहिनी गेल्यानंतरच्या नवव्या दिवसाची. 'दिवसभर हेच दाबते. काल बेचाळीस वेळा. उत्तर काय देऊ? तूर्त झाकतो. धीर आला की उघडीन.'

सोमेश्वरनं त्या बटणाची आवाजाची फाईल वाजवली. वहिनीचा आवाज, शेवटी थोडं हसू दाबलेलं. "आई कुठं गेली?"

मला आठवलं. वहिनी अंगणवाडीत गेली की प्रिया दारावर डोळे लावून बसायची, म्हणून हे बटण केलं होतं. विचारलं की दादा सांगायचा, अंगणवाडीत गेली, चार वाजता येईल. वहिनीला ते बोलताना हसू आलं होतं, की मीच विचारायचं, मी कुठं गेले. तोच आवाज मग ती गेल्यावर घरात बेचाळीस वेळा विचारत होता, आणि माझा भाऊ एकटा ऐकत होता. त्याचा मला राग आला, आणि त्याची इतकी कीव आली की मला तिथं बसवेना. मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं.

म्हणजे तिचा नेम कधीच चुकत नव्हता. नऊ वर्षं ती त्या अंधारात बरोबर तेच बटण दाबत होती. दाढ ठणकत होती त्या तीन दिवसांतही तिनं ते दाबलं होतं, आणि तेव्हा मी तिचा हात बाजूला करून म्हणाले होते, नीट बघून दाब गं.

बाहेर आले तर सोमेश्वर टोपी हातात घेऊन बसला होता. "ताई, राहू द्या झाकलेलं. सरांनी विचार करूनच झाकलं असंल. दाताचं बटन वायलं करू आपण, सहावी ओळ करू."

"ते करूच. पण हे उघड."

"लई त्रास होईल तिला. मंग सांभाळायचं कुणी?"

"त्रास तिला नऊ वर्षं होऊन राह्यला," मी म्हणाले. "आपण फक्त तिचं तोंड दाबून धरलं, म्हणून ऐकू आला न्हाई."

त्यानं कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. मग म्हणाला, "ताई, फॉल्सचं ट्रू करा. तुमच्या हातानं करा." एका शब्दाचं काम. तीन महिने ज्यासाठी कॉलेजं पालथी घातली, ते शिकून मी पहिलं काम हे केलं. दाताच्या बटणासाठी माझा आवाज भरला, "माझा दात दुखतोय," तो इतका मास्तरणीसारखा आला की सोमेश्वरला त्या परिस्थितीतही हसू फुटलं. सगळं पेनड्राइव्हवर घातलं आणि तो गेला. जाताना चहा नको म्हणाला.

प्रिया उठल्यावर मी तिला खुर्चीत बसवलं, मानेमागे उशी दिली, स्पेसबार मुठीखाली सरकवला. कपाटातून वहिनीचा फोटो काढून माझ्या मांडीवर पालथा धरला. चार वाजले असतील, बाहेर ऊन मी म्हणत होतं.

उजेड निघाला. पहिली ओळ, दुसरी ओळ. तिसऱ्या ओळीच्या शेवटी तो आला आणि विझला नाही. प्रियानं ते पाहिलं. तिची मान थरथरायची थांबली, असं मला वाटलं. पहिल्या फेरीत तिनं काहीच दाबलं नाही. उजेड पुढं गेला, खाली गेला, पुन्हा वरून सुरू झाला. दुसऱ्या फेरीत त्या बटणावर तो आला तेव्हा तिनं मूठ खाली आणली.

"आई कुठं गेली?" वहिनी म्हणाली.

मी सांगितलं. 'गावाला' हा शब्द मी काढला नाही. आई वारली म्हणाले. पोटात गाठ झाली होती, दवाखाना केला, उपयोग झाला नाही. तू तेव्हा पंधरा वर्षांची होतीस. तुला सांगायला पाहिजे होतं, आम्ही सांगितलं नाही, आम्ही भ्यालो. फोटो सुलटा करून तिच्यासमोर धरला. ती खूप वेळ बघत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आवाज मात्र आला नाही. मी पुसलं, पुन्हा आलं, पुन्हा पुसलं. झटका वगैरे काही आला नाही. उजेड दरम्यान फिरतच होता आणि तिसऱ्या ओळीच्या शेवटी आला तरी तिनं मूठ हलवली नाही. त्या प्रश्नाचं तिचं काम झालं होतं.

मग उजेड चौथ्या ओळीत गेला आणि तिनं स्पेसबार दाबला.

"बाबा," वहिनीचा आवाज म्हणाला.

प्रिया माझ्याकडे बघत होती. हे मला आधीच कळायला हवं होतं. मी फोटो एकाच माणसाचा काढून ठेवला होता, तयारी एकाच उत्तराची केली होती.

"बाबा पन गेले," मी म्हणाले. "नोव्हेंबरात. मी तुला खोटं सांगितलं."

तिनं डोळे मिटले. मला वाटलं, आता ती भिंतीकडे तोंड फिरवेल आणि माझ्याकडे पुन्हा बघणार नाही, आणि तसं केलं असतं तर ते तिच्या हक्काचं होतं. पण तिनं डोळे उघडले आणि पडद्याकडे लावले. उजेड पाचव्या ओळीत उतरला. एक बटण, दुसरं, तिसरं. चौथ्यावर आल्यावर तिनं मूठ हळूच टेकवली.

"आत्या," वहिनी म्हणाली.

एरवी मी 'ओ' दिली असती, पण ती हाक मारत नव्हती. ती आधीच्या दोन प्रश्नांपुढचा तिसरा विचारत होती, आणि आता मी तिच्याशी खोटं बोलू शकत नव्हते.

"अजून न्हाई," मी म्हणाले.